व्हिडिओ गेमची मराठी आणि संस्कृतची टाकसाळ

लॅटिन आज कोणाचीही मायबोली नाही. तरीही जगभर खेळला जाणारा ‘माइनक्राफ्ट’ हा व्हिडिओ गेम लॅटिनमध्ये खेळता येतो. व्हॅटिकनने १९९२ आणि १९९७ साली आधुनिक वस्तूंसाठीच्या लॅटिन शब्दांचा कोश दोन खंडांत काढला. मग गेम मराठीत आणताना आपणही संस्कृतच्या टाकसाळीतून शब्द का पाडू नयेत?

आमच्या गंगापूरच्या वाट्याला अशा दोन टाकसाळी आल्या. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठासाठी (१९१८) प्रामुख्याने अरबी-फारसीच्या आधारे उर्दू परिभाषा घडवली गेली. १९६० नंतर भाषा संचालनालयाची संस्कृतनिष्ठ परिभाषा आली. ‘दिनांक’, ‘महापौर’ हे सावरकरांचे शब्द तर त्याआधीचेच. आज अर्जावर ‘दिनांक’ छापलेला असतो, पण भरणारा शेजाऱ्याला विचारतो, “आज तारीख काय?” आणि कचेरी अजून ‘तहसील’च आहे. छापील कागदावर शब्द कुठूनही आणला तरी निभतो. खेळातला शब्द मात्र धावताधावता ओरडायचा असतो.

शिवाय गेममध्ये व्याकरणाची एक अडचण आहे. ‘अमुकला अमुकने मारले’ असे साचेबंद वाक्य असते आणि रिकाम्या जागी यंत्र नावे भरते. ‘सांगाडा’ भरला की ‘सांगाडाने’ होते. सामान्यरूप यंत्राला कळत नाही. ‘मारला गेला’ म्हणावे, तर खेळणारी मुलगी असू शकते. लिंग आणि विभक्तीमुळे लॅटिन अनुवादकालाही हाच काच आहे. संस्कृत शब्द घेऊन यातले काहीच सुटत नाही. ‘बाद’ने मात्र सुटते: “सुमन बाद. मारणारा: सांगाडा.” मुलगा असो वा मुलगी, ‘बाद’ बदलत नाही. हा शब्द फारसीच्या वाटेने आला, म्हणून कबड्डीच्या मैदानावर कोणी त्याला अडवले नाही.

त्याच मैदानावर संस्कृतही आहे, हे विसरू नये. जुन्या कबड्डीचे तीन प्रकार होते. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होई. ‘गामिनी’त अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसावे लागे. ‘अमर’मध्ये गडी बाद झाला तरी मैदानातच राही, फक्त गुण जाई. आजच्या गेममधले मरण्या-जगण्याचे नियम याहून फार वेगळे नाहीत. ‘पुनरुज्जीवन’ असे लांबलचक बटण करण्यापेक्षा ‘संजीवनी’ का नको? दोन्ही संस्कृतच, पण एक कोशातून येतो, दुसरा आजोबांच्या तोंडून.

‘सेव्ह’ला ‘जतन’ उत्तम आहे. ‘लेव्हल’ आणि ‘स्कोअर’ मुलांच्या तोंडी बसले आहेत, ते राहू द्यावेत. सगळा संघ एकदम संपला, तर त्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरजच नाही. कबड्डीत त्याला ‘लोण’ म्हणतात.