बुडावरचे ओरखडे

जुनी कट ग्लासची भांडी ओळखायला शिकवणाऱ्या इंग्रजी पुस्तकांत एक कसोटी हमखास सापडते. भांडं उलटं करा आणि बूड पाहा. शंभर वर्षं जेवणाच्या टेबलावर सरकलेल्या बाऊलच्या बुडावर बारीक ओरखडे असणारच. नसतील तर वस्तू नवी समजा. मी काचेचं जे काही शिकलो ते अशाच पुस्तकांतून. ही कसोटी अनेक वर्षं बिनदिक्कत वापरली. आपल्याकडच्या वाड्यांत ती फसते, हे कळलं तेव्हा माझ्या सहीचा एक कागद एका घराची वाटणी करून मोकळा झाला होता.

सांगलीच्या गावभागातलं ते घर. भाऊ आणि बहीण, दोघांत पैलूदार काचेचे दोन बाऊल. घरात दोन्हींना 'बेल्जियम' म्हणत. आपल्याकडे आरशापासून झुंबरापर्यंत चांगली काच म्हणजे बेल्जियमचीच. तिथे व्हाल सँ लाम्बेरचा कारखाना 1826 पासून होता हे खरं. पण बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीची कलकत्त्याला पेढी होती, फ्रान्सच्या बाकारा कारखान्याचा माल संस्थानिकांकडे येत होता, बोहेमियाची काच तर सगळीकडेच. 'बेल्जियम' हा शब्द आपण मूळ गाव सांगायला वापरत नाही, कौतुकाने वापरतो. एवढी अक्कल मला तेव्हाही होती. म्हणून मी शब्द बाजूला ठेवून बूड पाहिलं. एकाचं ओरखड्यांनी भरलेलं, दुसऱ्याचं स्वच्छ. पहिला जुना, दुसरा अलीकडचा, असं लिहून दिलं आणि किंमतही त्या हिशेबाने घातली. जुना भावाला गेला. स्वच्छ बुडाचा, चौथाई किमतीचा, ताईंच्या वाट्याला आला.

ऑगस्ट 2019 च्या पुरात ताईंच्या तळमजल्यावर कृष्णेचं पाणी चढलं. लाकडी कपाट फुगून फाटलं, आतली काच मात्र गाळाखाली शाबूत राहिली. जुन्या वस्तू घेणारे दारोदार फिरू लागले होते. एकाने त्या बाऊलला माझ्या आकड्याच्या तिप्पट रक्कम देऊ केली, तेव्हा ताईंनी मला बोलावलं.

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घेतला. बाऊलचं वजन 930 ग्रॅम. मग पाण्याचं पातेलं काट्यावर ठेवलं आणि बाऊल दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवला, तळाला टेकू न देता. काटा 300 ग्रॅमने वाढला. भागाकार 3.1. साधी सोड्याची काच 2.5 च्या आसपास येते. एवढी जड काच म्हणजे शिशाची. शिसं काही वय सांगत नाही, आजच्या क्रिस्टलमध्येही ते असतं. वय कळलं भिंगातून. खाचांमध्ये लाकडी चाकाने पॉलिश केल्याच्या पुसट समांतर रेघा होत्या, आणि ताऱ्याची टोकं मध्यबिंदूत नेमकी मिळत नव्हती. आम्लात बुडवून चकाकी आणण्याची रीत रुळल्यावर अशा रेघा दुर्मीळ होतात. आम्ल त्या खाऊन टाकतं आणि पैलूंच्या कडाही मेणासारख्या मऊ करतं. भावाच्या बाऊलच्या कडा तशाच होत्या. त्याचा भागाकार आला 2.5.

मग ओरखडे कुठले? ते मला ताईंनी सांगितलं. तो बाऊल रोजच्या वापरातला, आणि त्यांची आजी तो कंदिलाच्या काचेबरोबर राखेने घासायची. सातारा जिल्ह्यात ओगलेवाडीला 1916 मध्ये काच कारखाना निघाला. तिथला प्रभाकर कंदील घराघरांत होता, आणि त्याची काच राखेनेच लख्ख होई. तोच हात, तीच राख. पुन्हा भिंग लावलं तर ओरखडे गोल फिरलेले, बुडाच्या खोलगट भागातही गेलेले. टेबलावर झिजलेल्या भांड्याचे ओरखडे फक्त टेकणाऱ्या कडेवर असतात आणि वेड्यावाकड्या दिशांना जातात. हे मी पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं. पुस्तकात तेही लिहिलेलं असतं, मी घाई केली.

दुसरा बाऊल वर्षातून एकदा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, तिळगुळासाठी निघे. एरवी पेटीत, जुन्या धोतराच्या घडीत. अनेक जुन्या घरांत काचेचं भांडं पंक्तीत येतच नसे. टेबलच नव्हतं, तर बूड सरकणार कुठे? म्हणजे आपल्याकडे स्वच्छ बूड पुष्कळदा जपणुकीची खूण असते आणि खरवडलेलं बूड घासण्याची. वापराची चौकशी केल्याशिवाय दोन्हींतून वय काढता येत नाही. ज्या पुस्तकांनी इंग्लंड-अमेरिकेतल्या जेवणघराची झीज जगभरची धरली, त्यांच्यावर माझा हा आक्षेप आहे. किमतीबद्दल तर ती आणखीच कमी उपयोगाची. तिथल्या लिलावाचा आकडा रुपयांत बदलून इथे लावणं म्हणजे मुंबईतल्या जागेचा भाव कोरेगावच्या रानाला लावणं. शिवाय काठावरचा टवका घासून काढलेला असला तर नक्षीची वरची ओळ अर्धवट कापली जाते. ते पाहायला भाव नाही, बोट लागतं.

मी भावाकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कागद तुमचाच होता ना?" एवढंच विचारलं. वाटणी काही बदलली नाही. बदलावी असं म्हणायचा अधिकारही मला नव्हता. ताईंना नवा कागद दिला: वजन, पाण्यातली वाढ, खाचांतल्या रेघा, संक्रांतीची हकिकत. देशाचं नाव लिहिलं नाही. त्यांनी बाऊल विकला नाही. जुना कागद मी परत मागितला, तर म्हणाल्या, "राहू द्या. दोन्ही एकत्रच ठेवते."