सातबाऱ्याची रचना आणि दस्तऐवजाभिमुख डेटाबेस : एक चिकित्सा

दस्तऐवजाभिमुख डेटाबेसचा परिचय बहुधा 'येथे पूर्वनियोजित आराखडा नसतो' अशा एका वाक्यात करून दिला जातो. प्रस्तुत टिपणात या विधानाची चिकित्सा करावयाची असून, त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील कोणत्याही गावचा सातबारा हा दाखला पुरेसा आहे.

कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानात धारक, क्षेत्र, पीक यांची कोष्टके निरनिराळी होतात. २००९ मध्ये आलेल्या मोंगोडीबीसारख्या प्रणालीत मात्र एका विषयाचे सारे तपशील, यादीच्या पोटात यादी अशा रीतीने, एकाच दस्तऐवजात सामावता येतात. सातबारा नेमका असाच आहे. गाव नमुना ७ मध्ये भोगवटादारांची नावे, क्षेत्र, आकारणी व इतर हक्क. नमुना १२ मध्ये हंगामवार पिके. गट क्रमांक सांगितला की सारे पान हाती येते. फेरफार क्रमांक मात्र केवळ निर्देश म्हणून येतो. त्याचा तपशील नमुना ६ मध्ये पाहावा लागतो. पोटात काय घ्यावे आणि निर्देश कशाचा करावा, हा या रचनेतील कळीचा प्रश्न महसूल पद्धतीने संगणकाच्या पुष्कळ आधी हाताळला होता.

हाताळला, पण पूर्णपणे सोडवला नाही. खातेदाराचे नाव सातबाऱ्यावर असते, तसेच ८-अ वरही असते. अक्कलकोटसारख्या मराठी-कन्नड तालुक्यात एकच नाव एकीकडे 'मल्लप्पा' व दुसरीकडे 'मलप्पा' असे पडले, तर कागदोपत्री दोन माणसे उभी राहतात आणि पीककर्जाचे प्रकरण अडू शकते. 'इतर हक्क' हा रकाना तर खऱ्या अर्थाने आराखडाविरहित. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, विहिरीतील पाण्याचा हिस्सा, सारे एकाखाली एक. यात लिहिणाऱ्याची सोय झाली; अर्थ लावण्याचे ओझे वाचणाऱ्यावर पडले. डेटाबेसमध्ये हेच ओझे प्रत्येक आज्ञावलीला वाहावे लागते. मोंगोडीबीने २०१५ मध्ये, ३.२ या आवृत्तीत, नोंदींची वैधता तपासण्याची सोय दिली, हे या दृष्टीने बोलके आहे.

आणखी एक बाब अध्यापनात दुर्लक्षित राहते. हस्तलिखित सातबाऱ्यात जुन्या धारकाचे नाव पुसून टाकीत नसत. त्यास कंस करीत. दस्तऐवजातील मूल्य बदलले की जुने मूल्य त्या दस्तऐवजातून जाते; ते राखावयाचे असल्यास रचनाकाराला निराळी व्यवस्था करावी लागते. जमिनीच्या दाव्यात वकिलाचे काम पुष्कळदा त्या कंसातील नावापासूनच सुरू होते.