खेळाडूंच्या लाळेतील कर्करोगखुणा : एक परीक्षण

मुखकर्करोगाचे निदान लाळेच्या चार थेंबांवरून व्हावे ही कल्पना खानदेशासारख्या तंबाखू-चुन्याची सवय खोलवर रुजलेल्या प्रदेशात विशेष मोहक वाटते. धुळे-जळगावकडील तालमीही या सवयीपासून अलिप्त नाहीत. तेव्हा ही कसोटी मल्लांना व कबड्डीपटूंना लावता येईल काय, याचा विचार व्हावयास हवा.

या विचाराला आधार देणाऱ्या संशोधनांत लॉस एंजेलिस येथील २००४ सालचे काम प्रमुख होय. ३२ रुग्ण व ३२ निरोगी व्यक्ती यांच्या लाळेची तुलना करता इंटरल्यूकिन-८, इंटरल्यूकिन-१ बीटा इत्यादींचे संदेशवाहक आरएनए रुग्णांत वाढलेले आढळले. त्यांपैकी काहींच्या संयोगाने संवेदनक्षमता व विशिष्टता, दोन्ही शेकडा ९१ भरल्या. धूम्रपानाचा इतिहास जुळवून ही तुलना केली होती, हा तिचा गुण मान्य केलाच पाहिजे.

परंतु हे रेणू मुळात दाहाचे आहेत. सुजलेल्या हिरड्याही ते वाढवितात. त्यातच कठोर व्यायामाने लाळेचा प्रवाह मंदावतो, तिच्यातील प्रथिनांचे प्रमाण चढते आणि रक्तात इंटरल्यूकिन-६ वाढते. मेहनत आटोपून आलेल्या मल्लाच्या लाळेत अर्बुद बोलते की व्यायाम, हे केवळ आकड्यांवरून कसे ठरावे? समजा, हजार तरुण मल्लांत खरा रोगी एकच आहे. तर शेकडा ९१ विशिष्टतेच्या कसोटीने सुमारे ९० निरोगी मल्ल संशयित ठरतील. विशीतल्या पोराच्या घरी अशा चिठ्ठीने काय हाहाकार उडेल, याचा हिशेब प्रयोगशाळेच्या वहीत नसतो.

याउलट अमेरिकेतील १,१०९ व्यावसायिक बेसबॉलपटूंची १९९० साली प्रसिद्ध झालेली पाहणी पाहावी. तेथे नुसते तोंड तपासले गेले. आणि धूरविरहित तंबाखू नित्य वापरणाऱ्यांपैकी शेकडा ४६ जणांच्या तोंडात ल्यूकोप्लेकियाचे पांढरे चट्टे सापडले. दिवा आणि तपासनिसाची नजर एवढ्यावर हे साधले!

म्हणून रेणवीय संशोधन टाकाऊ ठरते असे नव्हे. कल्याणी व नवी मुंबई येथील संशोधकांनी २०१३ साली गाल-हिरडीच्या कर्करोगाचा जनुकीय आलेख मांडला. तंबाखूचा बार धरला जातो तीच ही जागा, म्हणून खानदेशाला हे काम लॉस एंजेलिसपेक्षा जवळचे आहे. मात्र त्यातील टीपी५३, कॅस्प८ आदी जनुकांतील बदल अर्बुदाच्या ऊतीत वाचलेले आहेत, लाळेत नव्हेत. हा फरक सोयीस्करपणे विसरला जाऊ नये.

जळगावच्या विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ व धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील चिकित्सक यांनी हा प्रश्न हाती घ्यावयाचा झाल्यास लाळ सकाळी, सरावापूर्वी घ्यावी. हिरड्यांची स्थिती व तंबाखूची वर्षे नोंदवावी. आणि तंबाखू खाणारे मल्ल, न खाणारे मल्ल, व तालमीत कधीही न उतरलेले तंबाखूभोगी असे तिन्ही गट शेजारी ठेवावेत. संशयित चट्ट्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून कोणासही रोगी म्हणू नये.