पायाशी उंचवटा

स्कूटर म्हणजे संसार! १९७२ साली बजाजची 'चेतक' आली आणि पुढे उभं मूल, मागे मंडळी, पायाशी दळणाचा डबा अशी अख्खी गृहस्थी दोन चाकांवर मावली. २०२५ सालची हीरोची 'झूम १६०' त्या घराण्यातली नव्हे. चेतकची चाकं १० इंची, हिची १४. इंजिन १५६ सीसीचं, टायर खाचाखाचांचे. पावसानं उघडीप दिली की धाडच्या पांदणीतही ती बिचकत नाही. मात्र पायाशी मधोमध उंचवटा. दळण ठेवायची सोयच नाही! लोक याला दोष म्हणतात. ६८व्या वर्षी मी गुण म्हणतो.

सौ. म्हणाली, "अहो, मग ही गाडी घरी आणते तरी काय?"

म्हटलं, "अगं, मला! तेही खुशीत!"