'शुद्धी'चा शिक्का : अण्णा भाऊंच्या रशियाविषयी

अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझा रशियाचा प्रवास' या पुस्तकाविषयी बोलताना एक तर ते डोक्यावर घेतले जाते, नाही तर प्रचारकी म्हणून बाजूला सारले जाते. दोन्ही पवित्रे सोयीचे आहेत. ज्या देशाचे हे वर्णन आहे, तिथल्या सत्ताधारी पक्षाने आपल्याच माणसांचे काय केले, हा प्रश्न मग कुणालाच विचारावा लागत नाही. दलित समीक्षेला मात्र तो टाळता येणार नाही.

प्रथम अण्णा भाऊंची बाजू. वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेला, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला हा लेखक. कुर्ल्याहून विद्याविहार ओलांडले की घाटकोपर येते. तिथल्या चिरागनगरच्या झोपडीत त्यांचे बरेचसे लेखन झाले. १९४३ साली त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभारले. १९६१ साली ते रशियाला गेले, तेव्हा त्यांची नजर हौशी प्रवाशाची नव्हती. भूक आणि जात अंगावर घेतलेल्या माणसाची ती नजर होती. श्रमाला मान देणारा देश पाहून त्यांना भरून आले असेल, तर त्याची टिंगल करण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या समीक्षकाला नाही.

परंतु त्याच देशाचा दुसरा हिशेबही आहे. १ डिसेंबर १९३४ रोजी लेनिनग्राडमध्ये किरॉव्हचा खून झाला आणि लगेच फर्मान निघाले : तपास दहा दिवसांत संपवा, अपील नाही, शिक्षा ताबडतोब. त्या वर्षीच्या सतराव्या पक्ष-अधिवेशनाला १,९६६ प्रतिनिधी होते. त्यांतल्या १,१०८ जणांना पुढे क्रांतिद्रोही म्हणून अटक झाली. तिथे निवडलेल्या मध्यवर्ती समितीच्या १३९ सभासद व उमेदवार-सभासदांपैकी ९८ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. हे आकडे कुणा भांडवलदाराचे नाहीत. २५ फेब्रुवारी १९५६ रोजी ख्रुश्चेव्हने ते पक्षाच्याच व्यासपीठावरून सांगितले. झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, बुखारिन या लेनिनच्या सोबत्यांच्या वाट्याला निदान खटल्याचे नाटक तरी आले. सामान्यांना तेही नाही. जुलै १९३७ च्या गुप्त आदेशाने प्रत्येक प्रांताला मारायच्या माणसांचा आकडाच नेमून दिला. तीन जणांची समिती आरोपीला न पाहता निकाल देई. त्या दोन वर्षांत ६ लाख ८१ हजारांहून अधिक माणसे मारली गेल्याची नोंद सरकारी दप्तरात आहे. सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय १९३७ मध्ये असेच संपवले गेले. आणि ज्या येझोव्हने हे यंत्र चालवले, त्यालाही १९४० मध्ये गोळी मिळाली.

या प्रकाराला आपल्याकडे 'पक्षशुद्धी' म्हणतात. इतरांना हा शब्द स्वच्छ वाटेल. आपल्याला त्याचा वास ओळखू येतो. मार्च १९२७ मध्ये महाडला आपण चवदार तळ्याचे पाणी प्यालो, तेव्हा सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून ते तळे 'शुद्ध' करून घेतले. महाड आणि मॉस्को एक नव्हेत. पण दोन्हीकडे दोष कृतीत पाहिला जात नाही, माणसाच्या असण्यात पाहिला जातो. माणसांचा आकडा आधी ठरतो आणि गुन्हा मागून शोधला जातो, तेव्हा तो न्याय नसतो; तो विटाळच असतो.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या लेखात ते साधनांचाच प्रश्न विचारतात : मालमत्ता घेताना मालकांचे प्राण घेणे अटळ होते काय? १९३७ नंतर हा प्रश्न पुढे न्यावा लागतो. इथे मेले ते मालक नव्हते. क्रांती करणारेच होते. बुद्धाने संघाला वारस नेमून दिला नाही, धम्मालाच प्रमुख मानले, हे बाबासाहेब याच लेखात सांगतात. संघातली भिक्षूला मोठ्यात मोठी शिक्षा म्हणजे संघाबाहेर काढणे. बाहेर पडलेला माणूस जिवंत राहू शकतो, एवढी जागा त्या संघटनेत होती.

आता पुस्तकाकडे वळू. १९६१ पर्यंत ख्रुश्चेव्हचे भाषण जगजाहीर होऊन पाच वर्षे झाली होती. त्याच वर्षी स्टालिनचा देह लेनिनच्या शेजारून हलवला गेला आणि अण्णा भाऊंच्या पोवाड्यातल्या शहराचे नावही बदलले. तरी या पुस्तकात त्या मृतांचा हिशेब नाही. हे खटकते, कारण हेच लेखक 'फकिरा'चे आहेत. इंग्रज सरकार एका अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवते, रोज हजेरी घ्यायला लावते, याचा संताप १९५९ च्या त्या कादंबरीत धगधगतो. सरकारच्या लेखी जो दरोडेखोर, तो त्यांच्या लेखी माणूस आहे. ही नजर मॉस्कोत 'जनतेचा शत्रू' असा शिक्का बसलेल्यांपर्यंत पोहोचली नाही. 'फकिरा' श्रेष्ठ आणि प्रवासवर्णन त्या मानाने उणे ठरते, ते याच ठिकाणी.

असे म्हणण्याने अण्णा भाऊ लहान होत नाहीत. त्यांनीच घडवलेल्या मापाने आपण त्यांना मोजतो आहोत. तेच माप आपल्या संघटनांनाही लावले पाहिजे. आपल्या हाती तुरुंग नाहीत, बंदुका नाहीत. पण मतभेद झाला की 'गद्दार' हा शिक्का मात्र तयार असतो. पुरावा न मागता तो मारला जातो आणि आपण टाळ्या वाजवतो. सत्ता हाती येण्याआधीच ही सवय मोडली पाहिजे. सत्ता आल्यावर ती मोडायला सांगणारे कुणी शिल्लक उरत नाही.