साखरेआधीच्या अटी

काठोकाठ भरलेला दुधाचा पेला आणि त्यात अलगद विरघळलेली साखर. संजाणला उतरलेल्या पारशांची ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. डहाणूच्या मसोलीपासून बोर्डीपर्यंतच्या पट्ट्यात, चिकूच्या वाड्यांच्या या मुलखात, ती घरचीच वाटते. पण ‘किस्सा-ए-संजाण’ या काव्यात ती नाही. नवसारीच्या बहमन कैकोबादने इ. स. १६०० च्या सुमारास फारसीत रचलेल्या या काव्यात साखर नाही, अटी आहेत. आलेल्यांचा योद्ध्यांसारखा वेश पाहून राजाला आपल्या राज्याची धास्ती वाटते. मग तो सांगतो : तुमचा धर्म समजावून द्या, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रे उतरवा, लग्ने संध्याकाळी लावा.

हे काव्य पाहुण्यांच्या वंशजाने, कित्येक शतकांनंतर लिहिलेले आहे. तरीही यजमानाची भीती त्याने लपवलेली नाही. ती पुसली लोककथेने.

निर्वासितांविषयीच्या ख्रिस्ती नीतीची चर्चाही पुष्कळदा अशीच साखर घालून होते. एक बाजू मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाकडे बोट दाखवते : परक्याला घरात घेणे म्हणजे ख्रिस्तालाच घरात घेणे. दुसरी बाजू रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय काढते : सत्ता देवाने नेमलेली आहे, दुष्टाला धाक घालणे हे तिचे काम. दोघेही अर्धेच वाचतात. त्याच तेराव्या अध्यायात पुढे, शेजाऱ्यावरील प्रीती हीच नियमशास्त्राची पूर्तता आहे, असे पौल सांगतो. आणि परक्यावर प्रेम करायला सांगणारे लेवीय हे पुस्तकच परक्याला आणि देशवासीयाला एकच कायदा लावते. म्हणजे परक्याला कायद्यातून सूट नाही आणि त्याच्यासाठी वेगळा, कडक कायदाही नाही.

सुरक्षेचा आक्षेप खोटा नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा सशस्त्र माणसे याच अरबी समुद्रातून मुंबईत उतरली आणि १६६ जीव गेले. लूकच्या दाखल्यातला चांगला शोमरोनी स्वतःचे पैसे खर्च करतो, धोकाही स्वतःच पत्करतो. शासन धोका पत्करते तेव्हा जीव मात्र इतरांचे पणाला लागतात. म्हणून हा दाखला जसाच्या तसा सीमेवरच्या चौकीत टांगता येत नाही.

मग तो शासनाला काहीच सांगत नाही का? सांगतो, पण त्यासाठी पात्रांची जागा नीट पाहावी लागते. या कथेत संशयित जमातीचा माणूस रस्त्यावर पडलेला नाही, तो मदत करणारा आहे. ऐकणाऱ्या यहुद्यांच्या लेखी शोमरोनी म्हणजे भ्रष्ट आणि परके. धोका कुणापासून आहे हे जमातीवरून ओळखता येत नाही, हा या कथेचा खरा धक्का आहे. तपासणी नको, असे ती म्हणत नाही. तपासायचे ते माणसाला, त्याच्या गोत्राला नव्हे.

याची कसोटी महाराष्ट्रात एकदा लागून गेली आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती, आणि बहुसंख्य कॅथलिक. स्टालिनच्या राजवटीने हद्दपार केलेली ही माणसे इराणमार्गे आली होती. यजमान संस्थान हिंदू होते. पण त्याआधी, १९३९ मध्ये, हिटलरपासून पळून आलेल्या ज्यूंना ब्रिटिश सरकारने जर्मन नागरिक म्हणून, म्हणजे शत्रू ठरवून, अहमदनगरला कोंडले होते. पुढे प्रत्येकाची वेगळी चौकशी झाली आणि अनेकांची सुटका झाली. पारपत्र पाहून माणूस ओळखण्यातली चूक माणूस तपासल्यावरच सुधारली.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांची नावे आहेत. त्यांत पारशी आहेत, ख्रिस्तीही आहेत, मुसलमान नाहीत. या तीन देशांत अल्पसंख्याकांचा छळ होतो, हा सरकारचा युक्तिवाद खोटा नाही. पण तिथेच छळ सोसणाऱ्या अहमदियाला धर्मामुळे ही वाट बंद राहते. आपले नाव यादीत आहे म्हणून निश्चिंत होणाऱ्या ख्रिस्ती वाचकाला लूकचा दाखला पुन्हा उघडावा लागेल.

‘किस्सा’ पुढे सांगतो, की सुलतानाचे सैन्य संजाणवर चालून आले तेव्हा शस्त्रे उतरवलेले हे पाहुणे राजाच्या बाजूने लढले. पराभवानंतर त्यांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षे बहरोटच्या डोंगरात जपला. बोर्डीहून तो डोंगर आजही दिसतो. ही निष्ठा मोठीच आहे. पण तिच्यावरून आश्रयाचा हक्क ठरवू लागलो, की आपण पुन्हा साखरेकडे येतो. गोड झालात तर राहा, ही राजाच्या पाच अटींपेक्षा कठीण अट आहे, कारण ती कधीच पुरी होत नाही. शस्त्र एकदा खाली ठेवता येते, गोडवा मात्र पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध करत बसावा लागतो. यरीहोच्या वाटेवर अर्धमेला पडलेल्या माणसाने कुणाचेच दूध गोड केले नव्हते.