छेदात कोणाला धरायचे?

दहावीचा निकाल लागला की शाळांच्या फलकांवर टक्केवारी झळकू लागते. ज्या शाळेने कच्च्या मुलांना नववीतच थोपवले, किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितले, तिचा निकाल शंभर टक्के लागतो. ज्या शाळेने सगळ्यांना बसवले तिचा ऐंशीवर अडतो. शिक्षकांना हे समजावून सांगायला नको. अंशाकडे सर्वांचे लक्ष असते, छेद कसा ठरला हे सहसा कोणी विचारत नाही. हाच प्रश्न वैद्यकातील एका नाजूक मोजमापाबद्दल विचारावा असे आम्हांला वाटते. जिवंत मूत्रपिंडदात्यांच्या तपासणीची ‘कार्यक्षमता’ हे ते मोजमाप.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले आणि ते टिकले. तेव्हापासून एक चमत्कारिक परिस्थिती वैद्यकात आली आहे. धडधाकट माणसावर मोठी शस्त्रक्रिया करायची आणि तिचा त्याच्या शरीराला कसलाही फायदा नाही! म्हणूनच दात्याची तपासणी कसून करतात. रक्तगट, ऊतींची जुळणी, रक्तदाब, साखर, लघवीतील प्रथिने, मूत्रपिंडाच्या गाळणीचा वेग, रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, आणि शिवाय मनाची तयारी. २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार गाळणीचा वेग मिनिटाला ९० मिलिलिटर किंवा अधिक असेल तर दाता चालतो, ६० च्या खाली असेल तर चालत नाही. मधल्या पट्ट्यात तारतम्य वापरायचे. आपल्याकडे १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदाही आहे. जवळचा नातेवाईक नसलेल्या दात्याला प्राधिकार समितीपुढे जावे लागते.

एवढी काळजी अनाठायी नाही. अमेरिकेतील १९९४ ते २००९ या काळातील सुमारे ८० हजार दात्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत दर दहा हजारांमागे सुमारे तीन मृत्यू आढळले. पुढे हे प्रमाण बरेच घटले. २०१३ ते २०२२ या काळात ते दहा हजारांत एकाच्या आसपास आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने असा अंदाज केला की आयुष्यभरात मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याचा धोका दात्यांत दहा हजारांमागे ९०, तर तितक्याच निरोगी पण दान न केलेल्या माणसांत १४ असतो. चाळणी न लावलेल्या सर्वसाधारण लोकांत हाच आकडा ३२६ आहे. ‘दात्यांना इतरांपेक्षा कमी धोका’ असे म्हणणारे ९० ची तुलना ३२६ शी करतात. योग्य तुलना १४ शी आहे. कोणाशी ताडून पाहायचे हा प्रश्न येथेही आहेच.

आता नाण्याची दुसरी बाजू. तपासणी चालू असते तेव्हा रुग्णाची मूत्रपिंडे थांबून राहत नाहीत. डायलिसिसची वेळ न आलेला रुग्ण वाट पाहता पाहता डायलिसिसवर जातो. कॅनडा व ऑस्ट्रेलियातील केंद्रांतील दात्यांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तपासणीच्या आरंभापासून दानापर्यंतच्या काळाचा मध्यक १०.३ महिने निघाला, आणि एक-चतुर्थांश दात्यांना सोळा महिन्यांहून अधिक लागले. हे फार आहे, यात वाद नाही. कालावधी मोजा, खर्च मोजा, किती इच्छुकांपैकी किती जणांनी दान केले ते मोजा, म्हणजे केंद्रे सुधारतील, ही मागणी यातूनच पुढे आली आणि ती रास्त आहे. आमची तक्रार मोजण्याबद्दल नाही.

पण १०.३ हा आकडा कोणाचा आहे? ज्यांनी शेवटी दान केले त्यांचा. संशोधकांनी ते लपवलेले नाही. मात्र हाच आकडा ‘तपासणीला लागणारा वेळ’ म्हणून तोंडोतोंडी होतो, तेव्हा नाकारले गेलेले, माघार घेतलेले आणि अजून रांगेत असलेले सगळे हिशेबातून गळतात. दहावीच्या वर्गात करून पाहण्यासारखे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहा इच्छुक एकाच दिवशी आले. पाच जणांनी ४, ५, ६, ८ आणि ९ महिन्यांनी दान केले. दोघांना तिसऱ्या व दहाव्या महिन्यात नकार मिळाला. एकाने सातव्या महिन्यात माघार घेतली. दोघांचे बारा महिन्यांनंतरही भिजत घोंगडे. फक्त दात्यांचा मध्यक ६ महिने येतो. ‘होय की नाही हे कळायला किती वेळ लागला’ असे विचारून दहाही जण धरले तर ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०, १२ हून अधिक, १२ हून अधिक, म्हणजे मध्यक साडेसात. शेवटच्या दोघांचा नेमका काळ माहीत नसतानाही मध्यक काढता आला, सरासरी काढता आली नसती. मध्यक कशाला शिकायचा असे विचारणाऱ्या मुलांना हे जरूर दाखवावे.

‘किती जणांपैकी किती’ या गुणोत्तराची गत याहून वाईट आहे. समजा, एका रुग्णासाठी भाऊ आणि बहीण दोघेही तयार आहेत, आणि प्रत्येकजण योग्य ठरण्याची शक्यता निम्मी आहे. आधी भाऊ तपासायचा, तो बाद झाला तरच बहीण, असे केले तर मधले महिने वाया जातात. दोघांना एकदम तपासले तर वेळ वाचतो. पण लागणारे मूत्रपिंड एकच! दोघेही उत्तम निघाले तरी गुणोत्तर ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे रुग्णाच्या हिताचे काम करणारे केंद्र कागदावर निम्मे अकार्यक्षम ठरते. उलट, फोनवरच ‘मधुमेह आहे का?’ असे विचारून पंधरा जणांना परत पाठवणारे आणि त्यांची नोंदच न करणारे केंद्र झकास दिसते. आमच्या १७ नंबरच्या फॉर्मचे हे सख्खे भावंड.

खर्च आणि वेळ यांचीही आपसांत जुंपते. समजा, लघवीच्या तपासणीला १०० रुपये पडतात व तीत पाचातला एक बाद होतो. स्कॅनला ८,००० पडतात व त्यात दहातला एक बाद होतो. स्वस्त तपासणी आधी केली तर माणशी सरासरी खर्च १०० अधिक ८,००० चे चार-पंचमांश, म्हणजे ६,५०० रुपये. स्कॅन आधी केला तर ८,०९०. तेव्हा स्वस्त आणि जास्त जणांना बाद करणारी चाचणी आधी, हा शहाणपणा झाला. शिवाय बाद होणाऱ्याला क्ष-किरण विनाकारण सोसावे लागत नाहीत. पण एकामागून एक चाचणी म्हणजे एकामागून एक खेप, प्रत्येक वेळी रजा आणि एसटीचे भाडे. त्या रजेचा खर्च रुग्णालयाच्या वहीत कुठेच पडत नाही, तो दात्याच्या खिशातून जातो.

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या केंद्राने २०१० पासून याच्या उलट वाट धरली: बहुतेक सर्व तपासण्या एकाच दिवसात. जिवंत दात्यांकडून होणारी रोपणे दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला ४.३ होती ती पुढील काही वर्षांत ३२.६ झाली. लोकसंख्या उणीपुरी एकोणीस लाख. म्हणजे वर्षाला सात-आठांवरून सुमारे साठांवर. कौतुक करावे असेच हे काम आहे. तरी ‘आधी आणि नंतर’ अशा तुलनेत सगळे श्रेय एका बदलाला देता येत नाही. एखाद्या शाखेत बदल घडतो तेव्हा माणसे, उत्साह आणि पैसा हेही बहुधा बरोबरीनेच बदलतात. आणि एक दिवस पुरतो तो शरीराच्या तपासणीला. मनाला किती दिवस पुरतात?

आमची खरी अडचण येथे आहे. दहा महिन्यांतले काही महिने केंद्राच्या ढिलाईचे, काही रुग्णाच्या तब्येतीचे, आणि काही दात्याने मुद्दाम मागून घेतलेले असतात. मुलीचे लग्न होऊ दे, सुगी उरकू दे, विचार करू दे. घड्याळ या तिन्हींत फरक करत नाही. केंद्रांची क्रमवारी या घड्याळावर लावली, तर ढिलाई कमी होईल तशीच विचार करायची सवडही कमी होईल. कालावधीचे हे तुकडे वेगळे नोंदवणे अवघड नाही, तारखा केसपेपरवर असतातच. ते न करता एकच आकडा जाहीर करणे आम्हांला आळशीपणाचे वाटते.

भारतात बहुसंख्य मूत्रपिंडे जिवंत दात्यांकडून येतात आणि त्या दात्यांत स्त्रियांची संख्या बरीच जास्त असते. बायको, आई, बहीण. सर्वांसमोर ‘हो’ म्हणालेली बाई डॉक्टरांशी एकटीने बोलताना ‘नको’ म्हणू शकते. अशा वेळी तिचे कारण उघड न करता ‘या दाता म्हणून योग्य नाहीत’ एवढेच घरच्यांना सांगण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तिच्या सर्व चाचण्या झालेल्या असतात, खर्च झालेला असतो, पाच महिने गेलेले असतात आणि मूत्रपिंड मिळालेले नसते. कार्यक्षमतेच्या तक्त्यात ती एक फसलेली तपासणी म्हणून मोजली जाते. आमच्या हिशेबाने तपासणीने तिचे काम चोख केले. वेगळा रकाना आखून ते दाखवावे, तर लहान केंद्रात त्या रकान्यातला ‘१’ कोणाचा हे घरच्यांना लगेच कळेल.